वहिनीची कादंबरी आणि डावा पाय

आमच्या वहिनीला आता लोक लेखिका म्हणतात. म्हणोत बापडे. मी तिला अजूनही वहिनीच म्हणते, आणि भाजीत मीठ जास्त पडलं की जे बोलायचं ते बोलतेच. ती माझ्या धाकट्या भावाची बायको. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान, पण पहिल्या दिवशी तोंडातून वहिनी गेलं ते गेलं. ती मला ताई म्हणते. आम्ही तिघं दोन खोल्यांत राहतो. भाऊ टेम्पो चालवतो, मी पुस्तकं बांधायच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर असते. वहिनीही तिथंच होती, घडीच्या टेबलावर. मीच तिला चिकटवून दिलं होतं.

घडीचं काम म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पुस्तक छापून येतं ते मोठ्या कागदांवर. एकेका कागदावर पुढून-मागून मिळून सोळा पानं. तो कागद तीनदा दुमडला की झाला एक फर्मा. असे फर्मे एकावर एक लावायचे, शिवायचे, की पुस्तक तयार. टेबलावरच्या प्रत्येक बाईकडे एकच फर्मा येतो आणि दिवसभर ती तोच दुमडत बसते. हात चालू असतात, डोळे रिकामे. मग डोळे वाचतात. पण वाचून वाचून वाचणार काय? दुमडलेल्या फर्म्याचं वरचं पहिलं पान दिसतं आणि पालथं टाकलं की शेवटचं. मधली चौदा पानं पोटात बंद.

त्यामुळे आम्हा बायकांना जगातली प्रत्येक कादंबरी अशी तुकड्यातुकड्यांनी माहीत. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की एक म्हणायची, माझ्याकडे नवरा बोटीवर चढला. दुसरी म्हणायची, माझ्याकडे तो आंधळा होऊन परत आलाय. मध्ये काय झालं, देव जाणे. मग सगळ्या वहिनीकडे बघायच्या. वहिनी घास गिळायची, पदराला हात पुसायची आणि मधली चौदा पानं स्वतःच्या मनानं सांगायची. बोट, बोटीवरचा स्वयंपाकी, त्या स्वयंपाक्याची बहीण, अगदी नावगावासकट. एकदा आमच्यातल्या एकीनं घरी नेऊन पुस्तक खरंच वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून आली. म्हणाली, लिहिणाऱ्याला काही येत नाही, आपल्या हिचंच बरं होतं.

वहिनी हसली, पण तिचे कान लाल झालेले मी पाहिले. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात ते शिरलं असणार. मला बोलली नाही. ती तशी आतल्या गाठीची.

मग तिची पाठ दुखायला लागली. आम्हाला वाटलं, बसून बसून दुखते, सगळ्यांचीच दुखते. भावानं मलम आणलं, मी शेक दिला. पण ती वाळत चालली. संध्याकाळी अंग तापायचं, जेवणावरची वासना उडाली, आणि एक दिवस टेबलावरून उठताना ती अर्ध्यातच थांबली, ना वर ना खाली. दोन बायकांनी धरून तिला उभं केलं. दवाखान्यात फोटो काढले तेव्हा कळलं, मणक्याला क्षय आहे. मी म्हटलं, क्षय तर छातीत होतो. डॉक्टरीण म्हणाली, हाडातही होतो. गोळ्या घ्यायच्या, पाठीवर सरळ पडून राहायचं, आणि बरं व्हायला वेळ लागेल. पोर तरुणच होती ती डॉक्टरीण, पण बोलणं असं की समोरच्यानं गप ऐकावं.

निघताना तिनं भावाला, मला आणि वहिनीला एकत्र उभं केलं. म्हणजे आम्ही उभे, वहिनी आडवी. म्हणाली, "एक गोष्ट तिघांनी ध्यानात ठेवा. पायाला मुंग्या आल्या, पाय बधिर वाटला, पाऊल नीट पडेनासं झालं, तर त्याच दिवशी इथं यायचं. उद्या बघू म्हणायचं नाही. पाय गेले तर परत येतीलच असं नाही."

वहिनीनं मान हलवली. तिघांनीही हलवली.

कामावरून तिला काढलं नाही, पण काम न करणाऱ्या बाईला कुठला कारखाना ठेवतो? घडीच्या टेबलावर तिच्या जागी दुसरी आली. मी दोन पाळ्या करायला लागले. घरी आले की तिचं भांडं द्यायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची. माझ्या नाकी नऊ आले होते, खोटं कशाला बोलू. चिडचिड व्हायची आणि मी ती बोलून दाखवायचे. ती छताकडे बघत पडलेली असायची. एकदा म्हणाली, "ताई, या छताला एकशे बारा भेगा आहेत." मी म्हटलं, "मग आता त्यांची लग्नं लाव." ती खरंच हसली. मग म्हणाली, "मशीनवरचा उरलेला कोरा कागद आणाल का थोडा?"

आणला. कारखान्याच्या मास्तरांना विचारून आणला, चोरून नाही. मला वाटलं, पोरगी चित्रंबित्रं काढेल. तिनं कागद छातीवर घेतला, तीनदा दुमडला, कडा नखानं दाबल्या, वरून कापला आणि झाली सोळा पानांची चोपडी. छोटा फर्माच म्हणा ना. आणि लिहायला घेतलं. आडवं पडून पेन वर धरलं की चार ओळींत शाई संपते. पेनचा दोष नाही, शाई खालीच जाणार. तिनं पेन भिंतीवर आपटलं आणि पेन्सिल मागितली. भावानं एक फळी पलंगाला अशी दोरीनं बांधली, की ती तिच्या छातीवर तिरकी लटकायची. फळीवर कागद, हातात पेन्सिल, आणि अंगावर पेन्सिलीचा चुरा. मी रोज झटकायचे.

गोष्ट होती एका इस्त्रीवालीची. लोकांच्या कपड्यांच्या खिशात विसरलेल्या वस्तू तिला सापडतात आणि ती बिचारी इमानानं परत करायला जाते. आणि जिथं परत करते तिथं घर मोडतं. नवऱ्याच्या खिशातली चिठ्ठी बायकोच्या हातात, मुलाच्या खिशातली अंगठी आईच्या हातात. मला पहिला फर्मा तिनं वाचून दाखवला तेव्हा मी भांडी घासत होते. भांडी घासायची राहिली. मी म्हटलं, "ही बाई वस्तू फेकून का देत नाही?" वहिनी म्हणाली, "तेच तर."

वर्षभर ती लिहीत राहिली. गोळ्यांनी पोटात मळमळायचं, कान वाजायचे, तरी लिहायची. मणका हळूहळू धरायला लागला. कमरेपासून काखेपर्यंतचा पट्टा बांधून तिला बसायची परवानगी मिळाली, नंतर भिंत धरून चार पावलं चालायची. आणि कादंबरी झाली. फर्मे एकावर एक रचून, तिनंच बसून ते शिवले, आणि मला म्हणाली, "ताई, आता तुम्ही न्या."

आमच्याकडे ज्यांची पुस्तकं बांधायला यायची त्यांतले एक प्रकाशक होते. म्हातारे, एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर, म्हणून आम्ही त्यांना दोनचष्मे म्हणायचो. त्यांच्याकडे पुस्तकांची गाडी घेऊन जायचं होतं तेव्हा मी ते बाड पिशवीतून नेलं. त्यांनी कुणाची म्हणून विचारलं. घडीवालीची म्हटलं. ठेवा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, गेली रद्दीत.

नाही गेली. त्यांनी बोलावलं. मी भावाला घेऊन गेले, उगाच आधाराला. दोनचष्मे म्हणाले, "बाई लिहितात फार छान. मी झोपलो नाही वाचताना. पण एक विचारू? दर सोळा पानांनी कुणीतरी मरतं, नाहीतर आग लागते, नाहीतर कुणी घर सोडून जातं. आणि मधली चौदा पानं सगळे बसून चहा पितात. असं का?"

मला आधी कळलं नाही. मग असं कळलं, की मी तोंडावर पदर धरून हसत सुटले. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. वहिनीनं सगळं घबाड प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर ठेवलं होतं, कारण वाचणारे तेवढंच वाचतात. घडीच्या टेबलावरच्या बायकांना गोष्ट समजावी म्हणून! मी दोनचष्म्यांना हे सांगितलं तर तेही हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "पण तुमच्या वहिनींची दोन-अडीच पानं म्हणजे आमचं छापील एक. त्यांचा हिशोब आमच्या फर्म्यांवर जुळणारच नाही. आणि वाचणारा पुस्तक उघडून वाचतो हो, दुमडत नाही. मधली पानं भरून आणायला सांगा. मी छापतो."

मग ते जरा थांबले. म्हणाले, हे माझं शेवटचं वर्ष आहे, धंदा पुतण्याकडे देणार, आणि पुतण्याला कादंबऱ्यांत रस नाही. हिवाळ्याच्या आत आलं तर बरं.

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. वहिनीचा चेहरा आधी पडला, मग तीही हसली, पट्ट्यात हसता येत नाही म्हणून कळवळून हसली. म्हणाली, "एवढे ढीग दुमडले आणि एवढं कळू नये मला." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शिवण उसवली आणि पहिल्यापासून लिहायला बसली. हिवाळ्याच्या आत हे तिच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं.

आता ती बसून लिहायची, आणि बसायचं किती ते डॉक्टरणीनं ठरवून दिलेलं होतं. ते ती पाळायची नाही. मी ओरडायचे. ती म्हणायची, हे वाक्य झालं की आडवी होते. तिची वाक्यं काही संपायची नाहीत. पण लिहिलेलं वाचून दाखवायची तेव्हा माझी बोलती बंद व्हायची. आता त्या चौदा पानांत माणसं खरी बोलायला लागली होती. इस्त्रीवालीला बहीण आली, तिला दमा आला, त्या दोघींची भांडणं आली. त्यातली निम्मी भांडणं आमचीच होती. मी म्हटलं, "हे माझं वाक्य आहे." ती म्हणाली, "तुमच्याकडे पुष्कळ आहेत, एक दिलं म्हणून काय झालं."

चालताना ती भिंत धरायची. आधी सोडायला लागली होती, मग परत धरायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, बसून बसून आखडले आहेत पाय. मला पटलं. न पटायला काय झालं?

एक दिवस मी तिचे पाय धुवायला घमेल्यात कढत पाणी ओतलं, वाफा येणारं, आणि गार पाणी आणायला मोरीत गेले. तिला तसं बजावून गेले. ती बहिणीच्या मरणाचं सांगत होती, म्हणजे पुस्तकातल्या. परत आले तर ती बोलतच होती, आणि तिचा डावा पाय घोट्यापर्यंत त्या पाण्यात होता. तोंडावर काही नाही. "मग ताई, मला वाटतं ती मरायला नको, ती निघून जायला हवी," असं म्हणत होती. मी तांब्या टाकला आणि तिचा पाय बाहेर ओढला. लालबुंद, वरची कातडी सुटलेली. ती पायाकडे बघत राहिली, जणू दुसऱ्याचा आहे.

"केव्हापासून?" मी विचारलं.

तिनं साडी घोट्यावर ओढली.

"वहिनी, केव्हापासून?"

"थोडंच राहिलंय, ताई," ती म्हणाली. "शेवटचं थोडंच राहिलंय."

मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि तिला कवटाळावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. भावाला फोन केला. टेम्पो आला. त्यात मागं पोत्यांवर तिला झोपवून नेलं.

डॉक्टरणीनं सुई टोचून पाहिली. पाऊल उचलून पाहिलं. मग वहिनीला म्हणाली, "मी काय सांगितलं होतं?" एवढंच म्हणाली. पण तिचा आवाज फाटला होता. मणक्यात पू साठून दोन्ही पायांच्या शिरांवर दाब येत होता, डाव्यावर जास्त. ऑपरेशन लगेच. बाहेरच्या बाकावर भाऊ माझ्या शेजारी बसून होता. गुडघ्यांवर हात, नजर जमिनीत. मी तोंडाचा पट्टा सोडला होता. म्हटलं, ती वेडी आहे, कागदापायी पाय घालवणारी बाई मी पाहिली नाही, आणि तुला घरात असून कळू नये? तो काही बोलला नाही. मला वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसलाय. मीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

उजवा पाय परत आला. डावा आला नाही. म्हणजे मांडीपर्यंत आला, पाऊल लटकतं राहिलं. आजही बुटात पट्टी घालून, काठी घेऊन चालते. जिना चढायचा तर दोघांनी धरावं लागतं.

आणि वरून आणखी एक. ती दवाखान्यात असताना मी दोनचष्म्यांकडे गेले, सांगायला, की हिवाळ्याच्या आत काही होणार नाही, आशा सोडा. ते कपाळावरचा चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "अहो, मला सांगायचं होतंत. मी थांबलो असतो की. हिवाळा मी आपला अंदाजानं म्हटला होता." रस्त्यानं येताना मला रडू कोसळलं, भर बाजारात. ते मी वहिनीला बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती भिंतीकडे वळली आणि जेवली नाही.

शेवट तिनं घरी परत आल्यावर लिहिला. बहीण मेली नाही, निघून गेली. दोनचष्मे थांबले. पुस्तक छापलं, आमच्याच कारखान्यात बांधलं, मीच शिवलं. समारंभ वगैरे काही नाही. भाऊ कामावरून येताना गठ्ठा घेऊन आला, जेवायच्या टेबलावर ठेवला आणि सुतळी सोडली. वहिनीनं वरची प्रत घेतली. नाव पाहिलं, तिचं नाव, आणि त्यावरून अंगठा फिरवला. मी म्हटलं, बघ हो, शिलाई चांगली झाली आहे. तिनं पुस्तक भावाच्या पुढ्यात सरकवलं.

"अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "पाय बधिर झालेला मला फार आधी कळला होता. ताईंना वाटतं चार-आठ दिवस. तसं नाही. त्याच्या कितीतरी आधी. मी लपवला. तुम्हाला फसवलं मी. तुम्ही मला उचलता, जिन्यावरून नेता, तेव्हा रोज वाटतं सांगावं."

भावानं पुस्तक हातात घेतलं होतं. त्यानं उभ्या आयुष्यात पुस्तक वाचलेलं नाही. तो ते वजन करून बघावं तसं धरून होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

वहिनी त्याच्याकडे बघायला लागली. मीही.

"तू पडून असायचीस तेव्हापासून रोज सकाळी मी तळव्याला तेल लावायचो. तुला गुदगुल्या व्हायच्या, पाय ओढून घ्यायचीस. मग डावा ओढेनास. मी मुद्दाम नखानं करून पाहिलं. नाही ओढलास."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तुला उचलून दवाखान्यात नेलं असतं. लिहिणं राहिलं असतं." तो सुतळी बोटाला गुंडाळत होता. "तू लिहिताना जशी दिसायचीस, तशी मी तुला आधी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, आणखी थोडे दिवस. रोज वाटायचं, उद्या बोलू."

वहिनीनं टेबलावर डोकं टेकलं आणि ती रडायला लागली. तो उठला नाही, नुसता तिच्या केसांवर हात ठेवून बसला. मला तिथं बसवेना. मी बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. म्हणजे त्या घरात रोज तीन माणसं जेवत होती, त्यातल्या दोघांना माहीत होतं, दोघं एकमेकांपासून लपवत होती, आणि मी तेवढी ओरडत होते, जास्त बसू नकोस म्हणून. दोघांपैकी आधी कुणाला झोडपावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण असा नवरा असावा की नसावा हेही मला अजून सांगता येत नाही.

लोक येतात, वहिनीला भेटतात, पुस्तकावर सही घेतात. मला विचारतात, तुम्हाला कसं वाटलं? मी सांगते, चांगलं आहे पुस्तक. खरंच चांगलं आहे, मी रडले आहे वाचताना. पण तिचा पायही चांगला होता.